नॉर्मल म्हणून ठेवलेलं रक्त

चिंगी : रक्त संपलं? एवढं मोठं इंजेक्शन भरून दिलं होतं मागे. पिता की काय तिथे?

ताई : संपलं नाही गं. जुनं झालंय. ताजं हवं.

चिंगी : आल्या आल्या म्हणालीस संपलं, आता म्हणतेस जुनं झालं. एक काय ते ठरव. आत्या, ते काळं बटण दे जरा. ते नव्हे, चार भोकांचं.

आत्या : घे. आणि बहिणीला बसायला सांग आधी. आल्यापासून उभी आहे, जशी काही माप द्यायला आली आहे.

ताई : बसते, आत्या.

चिंगी : त्या कोटावर नको, बाई. गिऱ्हाईक आज न्यायला येणार आहे तो. स्टूल ओढ. हं, आता बोल. नमनालाच घडाभर तेल झालं.

ताई : उद्या सकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल. रक्त द्यायचं. तिथे एक बाई आहेत, त्या तुझ्याशी थोडं बोलतील. तासाभरात मोकळी करते तुला.

चिंगी : बोलतील? रक्त द्यायला बोलायला कशाला लागतं? मागे तर तू त्या नर्सला घेऊन इथेच आली होतीस. याच टेबलावर हात ठेवला, तुम्ही रक्त काढलंत, बिस्किटाचा पुडा हातात दिलात आणि गेलात. तेव्हा कोणी बोललं नाही.

ताई : तेव्हा नियम वेगळे होते.

चिंगी : चष्मा ठेव खाली.

ताई : काय?

चिंगी : चष्मा पुसतेयस. काचा लख्ख आहेत. शाळेत असल्यापासून तुझं हे असं आहे, खोटं बोलायचं झालं की चष्मा पुसायचा. आईला कळायचं नाही, मला कळायचं. कामाच्या दिवशी रजा टाकून आलीस, फोन न करता आलीस, आणि आल्यापासून चहा नको, पाणी नको. काय झालंय?

ताई : मला सांगायची परवानगी नाही, चिंगे.

चिंगी : कोणाची परवानगी?

ताई : आमच्या बाईंची. म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. आधी ताजं रक्त घ्यायचं, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायचं, पक्कं करायचं, आणि मग ज्यांचं ते कामच आहे त्या बाई नीट समजावून सांगतील. मी सांगायचं नाही. मी तुझी बहीण आहे.

चिंगी : मग नको सांगूस. मी येत नाही.

आत्या : चिंगे, ऐकून तरी घे.

चिंगी : काय ऐकून घेऊ? ती सांगतच नाही. उगाच पोटात एक आणि ओठात एक. आमच्याकडे गिऱ्हाईक असं बोलायला लागलं तर मी कापडाला कात्री लावत नाही.

ताई : तुझ्या रक्तात काहीतरी सापडलंय.

आत्या : अगं बाई.

ताई : आजार नव्हे. लगेच घाबरू नकोस. आजार सापडलेला नाही.

चिंगी : मी घाबरले नाहीये. घाबरलेली तू आहेस. बोल.

ताई : आमच्याकडे काय चालतं ते तुला ठाऊक आहे ना?

चिंगी : बायकांच्या पोटातले गोळे बर्फात ठेवता. गेली इतकी वर्षं तेच ऐकतेय. आमची ताई डॉक्टर, पण ताप आला तर गोळी देता येत नाही. गोळे मात्र भरपूर.

ताई : अंडाशयातल्या गाठी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या. त्यांच्यात आम्ही काही जीन शोधतो. माणसाच्या पेशीत असे काही जीन असतात ज्यांचं काम फक्त आवर घालायचं. पेशीने वाटेल तशी वाढ करायची नाही, एवढं बघायचं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तू काखेत दुहेरी शिलाई मारतेस ना? एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. तसं. दोन्ही गेल्या की गाठ व्हायची भीती.

चिंगी : आणि काही जणांचा एक टाका जन्मापासूनच तुटलेला असतो.

ताई : हो. तेच. अशा घरांत मग आई, मुलगी, बहीण, एकापाठोपाठ एक. कोणता टाका तुटलाय ते आम्ही शोधतो. आता तो शोधायचा कसा? आजारी बाईचं आणि निरोगी बाईचं शेजारी शेजारी ठेवून बघायचं. आजारी बाईत जे मोडलंय आणि निरोगी बाईत धड आहे, तिथे संशय घ्यायचा. आणि जे दोघींतही तसंच आहे ते सोडून द्यायचं. कारण निरोगी बाईत आहे म्हणजे त्याने काही बिघडत नाही.

चिंगी : निरोगी बाई म्हणजे मी.

ताई : आमच्या फ्रीजरमध्ये एका खोक्यावर 'नॉर्मल' लिहिलंय. त्यात तुझ्या रक्तातून काढलेला डीएनए आहे. थोडा थोडा वापरतो, वर्षानुवर्षं पुरतो. स्वतःचं वापरायला आमच्याकडे मनाई आहे, म्हणून मी तुला मागितलं होतं. प्रत्येक गाठ आम्ही तुझ्याशी ताडून बघितली.

चिंगी : बरं. पुढे.

ताई : काही घरांतल्या बायकांत एका जीनचा लहानसा तुकडा नव्हताच. एका प्रतीतून गेलेला. नुसता गाठीत नव्हे, रक्तातही तो नव्हता. म्हणजे जन्मापासून. आम्हाला वाटलं सापडलं. मग तुझ्याशी ताडलं, तर तुझ्यातही तो तुकडा नव्हता.

आत्या : म्हणजे काय झालं?

ताई : म्हणजे आम्ही म्हटलं, निरोगी बाईतही नाही, तर त्याचा आजाराशी संबंध नाही. दिलं सोडून. आणि दोन वर्षं दुसरीकडेच डोकं फोडत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता बाईंनी सांगितलं, एकाच माणसावर विसंबणं बरोबर नाही, आणखी निरोगी बायका घ्या. म्हणून पुष्कळ घेतल्या. त्या सगळ्यांत तो तुकडा जागच्या जागी आहे. दोन्ही प्रतींत. एकीतही गेलेला नाही.

चिंगी : फक्त माझ्यात गेलेला आहे.

ताई : हो.

चिंगी : म्हणजे मी तुमचा नमुना. आणि नमुनाच चुकीचा कापलेला.

ताई : चिंगे.

चिंगी : नाही, मला हसू येतंय. खरंच. कागदाचा नमुना एका बाजूला बोटभर कमी असला तर सगळेच कोट त्या बाजूला आखूड होतात, आणि आपण मात्र कापडवाल्याला शिव्या घालतो. माझ्याकडे एकदा झालंय तसं. आत्या, आठवतं?

आत्या : हसू नकोस. मला नाही हसू येत.

चिंगी : मग काय करू? मी धडधाकट आहे. दिवसभर मशीन मारते. पोरीला शाळेत सोडते, आणते. आणि आपल्या घरात हे आहेच कुणाला? आजी सगळे दात शाबूत घेऊन गेली. दोघी मावश्या अजून भांडतात. आईला साधं मधुमेहाचं दुखणं नाही.

ताई : मीही तेव्हा हेच धरून चालले होते. आई नाही, आजी नाही, मावश्या नाहीत. म्हणूनच तुला निवडलं.

आत्या : आणि बापाकडून येत नाही का हे?

ताई : येतं. तितकंच येतं.

आत्या : मग मला का नाही विचारलंस?

ताई : आत्या, बाबांना कुठे काय...

आत्या : तुझ्या बाबांना अंडाशय होतं का, की त्यांना काही होईल? मला का नाही विचारलंस? आई विचारलीस, आजी विचारलीस, मावश्या विचारल्यास. घरात एक आत्या बसलेली आहे, काज करते, बटणं लावते, तिला तोंड आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ताई : चुकलं माझं.

आत्या : चुकलं म्हणायला मी रुसले नाहीये. माझी अक्का पोटानेच गेली.

चिंगी : थोरली आत्या? ती तर तापाने गेली ना?

आत्या : ताप शेवटी सगळ्यांनाच येतो. आमच्या घरात तापाने गेली असंच बोलायचं ठरलं होतं. तुझ्या बापालाही तेच माहीत, तो लहान होता. अक्काचं लग्न झालं नव्हतं. आणि पोट दिसायला लागलं.

ताई : अरे देवा.

आत्या : कळलं ना? लोकांनाही तसंच कळलं. माझ्या वडिलांनी तिला मागच्या खोलीत बसवलं. डॉक्टर नाही, कोणी नाही. डॉक्टर बोलावला तर गावभर होईल. लोकांचं तोंड कोण धरणार? जी ती बाई दारावरून जाताना बोटं मोजायची. मीच तिचे कपडे उसवून सैल करून द्यायची, तेव्हाच शिकले मी हातशिलाई. ती मला शपथेवर सांगायची, मी काही केलेलं नाही गं. मी सांगायची, माहीत आहे. पण मलाही पुरतं माहीत नव्हतं. दहावा महिना लागला तेव्हा लोक गप्प बसले. तोवर हात काड्यांसारखे झाले होते तिचे.

चिंगी : आत्या, तू कधी बोलली नाहीस.

आत्या : कोणाला बोलायचं? आणि काय बोलायचं? तिच्यावर आळ घेणारे गेले, घरात डांबणारे गेले. झाकली मूठ. मला वाटलं, माझ्याबरोबर जाईल. रक्तातून उतरतं हे मला काय ठाऊक?

ताई : आणि तुमची आई?

आत्या : तीही पोटानेच. मी नऊ वर्षांची असेन. नक्की काय ते ठाऊक नाही. पोटात पाणी झालं म्हणायचे.

चिंगी : आणि तुला कसं नाही काही?

आत्या : ते हिला विचार.

ताई : दोन प्रतींतली एकच मुलाला मिळते. मोडकी मिळेल नाहीतर धड. नाणं उडवल्यासारखं. आत्याला धड मिळाली असेल. अक्काला मोडकी. बाबांना मोडकी. त्यांना काही झालं नाही, पण त्यांच्याकडून पुढे आली.

चिंगी : मला आली.

ताई : हो.

चिंगी : आणि तुला?

ताई : किती वाजले गं?

चिंगी : ताई. मी काय विचारतेय?

ताई : नाही.

चिंगी : नाही म्हणजे बघितलं नाहीस, की नाही आली?

ताई : नाही आली. बघितलं.

चिंगी : कधी बघितलंस?

ताई : गेल्या आठवड्यात.

चिंगी : आणि माझं कधी कळलं?

ताई : त्याच्या आधी.

चिंगी : थांब हं. मला मशीन बंद करू दे. म्हणजे माझ्यात आहे हे तुला कळलं. त्यानंतर तू घरी गेलीस, जेवलीस, झोपलीस. दुसऱ्या दिवशी स्वतःचं रक्त काढलंस. ते तपासलंस. वाट बघितलीस. तुझं चांगलं निघालं. आणि मग माझ्याकडे आलीस.

ताई : जेवले नाही. झोपलेही नाही.

चिंगी : ते सोड. आधी स्वतःचं बघितलंस की नाही?

ताई : बघितलं. हो. आधी माझं बघितलं. मनाई होती तरी. माझी पाचावर धारण बसली होती, चिंगे. मला वाटलं, दोघींतही असेल तर तुला सांगायला सोपं जाईल. मी म्हणेन, बघ, मलाही आहे, चल दोघी जाऊ. मग माझं धड निघालं आणि मला तुझ्याकडे यायचं तोंडच राहिलं नाही.

चिंगी : आणि दोघींत असतं तर धावत आली असतीस.

ताई : हो.

चिंगी : वा. म्हणजे तू बुडत असतीस तर मला हाक मारली असतीस. काठावर पोचलीस म्हणून गप्प.

आत्या : पुरे आता. भांडा नंतर. आयुष्य पडलंय भांडायला.

चिंगी : पडलंय का? हिला विचार आयुष्य पडलंय का ते.

ताई : पडलंय. म्हणूनच आलेय. ज्यांना आधी कळतं त्यांच्यासाठी खूप काही करता येतं. लक्ष ठेवता येतं. मूल वगैरे सगळं झालं असेल तर अंडाशय काढून टाकतात, धोका पुष्कळ कमी होतो. कळणं ही वाईट गोष्ट नाही.

चिंगी : ज्याला कळवायचं असतं त्याला असंच वाटतं.

आत्या : चिंगे, सांग तिला.

चिंगी : काय सांगू?

आत्या : नाहीतर मी सांगते.

चिंगी : आत्या, तू बटणं लाव.

आत्या : बटणं गेली खड्ड्यात. अगं, हिने कमरेचे सगळे कपडे दोनदा उसवलेत. एकदा थंडीच्या आधी आणि एकदा आत्ता. मी विचारलं तर म्हणते, वय झालं, सुटायला लागले. पण गळ्याची हाडं बघ हिची. बाहीत हात कसे खुळखुळतात बघ. मी मागेच ओळखायला हवं होतं. मी एकदा हे बघितलेलं आहे.

ताई : चिंगे?

चिंगी : काही नाही. पोट फुगतं जरा. गॅस.

ताई : जेवण जातं?

चिंगी : दोन घासांत भरल्यासारखं होतं. उन्हाळ्यात कोणाला भूक लागते?

ताई : लघवीला सारखं जावं लागतं?

चिंगी : तू डॉक्टर नाहीस. तूच म्हणतेस ना.

ताई : जावं लागतं का?

चिंगी : लागतं.

ताई : कधीपासून?

चिंगी : शाळेच्या नाटकाचे कपडे शिवत होते तेव्हापासून. मग हंगाम आला. मग हे कोट आले. जाणारच होते दाखवायला.

ताई : उद्या नाही. आत्ता. उठ.

चिंगी : एक मिनिट. कोट...

ताई : हॅलो, मी बोलतेय. ऐका, सोनोग्राफीला आज जागा मिळेल का? माझ्या बहिणीसाठी. नाही, उद्या चालणार नाही. हो, त्याच बाबतीत. नाही, बाईंना मी सांगते, जे काय बोलायचं ते मला बोलतील. पाणी पिऊन यायचं? बरं. निघतोच. उठ, चिंगे.

चिंगी : परस्पर ठरवलंस.

ताई : हो.

चिंगी : मी आले नाही तर?

ताई : तर मी इथेच बसेन. तुझ्या गिऱ्हाइकाच्या कोटावर बसेन. नोकरी गेली तरी बसेन. तुझ्या पायाशी बसू का? बसते. मी चुकले ना, मग मला शिक्षा कर. पण ती अशी करू नकोस.

चिंगी : उठ. फरशीवर टाचण्या आहेत.

ताई : येतेस का?

चिंगी : तुला खरं सांगू? मला माहीत होतं. हे जीन वगैरे नाही. पण काहीतरी आहे हे माहीत होतं. कपडे मी उसवत होते ना, कापड खोटं बोलत नाही. पण जोवर कोणी सांगत नाही तोवर माझं पोट हे नुसतं पोट होतं. पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू. कोट जाऊ देत, मग बघू. एकदा त्या मशीनखाली झोपले की मग ते माझं राहत नाही, तुमचं होतं. भीती वाटते मला. बास.

ताई : मलाही वाटते.

चिंगी : तू वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे धड प्रत आहे.

आत्या : अक्काला कोणी उठ म्हणालं नाही गं. मीही नाही म्हणाले. उठ, माझी बाय. कोट मी देते गिऱ्हाइकाला.

चिंगी : डाव्या बाहीचं अस्तर तेवढं आत टाक. आणि पोरगी आली तर सांग, मावशीबरोबर गेलेय. कुठे ते सांगू नकोस. तिला खायला दे.

आत्या : जा.

(सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, भिंतीला लागून असलेल्या बाकावर दोघी बहिणी.)

ताई : आणखी एक ग्लास पी.

चिंगी : आणखी प्यायले तर इथेच फुटेन. आधीच त्रास, त्यात हे वरून पाणी पाजतायत. कोणी काढली ही पद्धत?

ताई : मूत्राशय भरलेलं असलं की आतलं नीट दिसतं.

चिंगी : तुला सगळं येतं.

ताई : अजून रागावली आहेस.

चिंगी : हो. तुझं धड निघालं म्हणून मला बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय, आईशपथ. आणि त्याच वेळी तुझ्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. दोन्ही एकदम. हे असं होतं का माणसाला?

ताई : मला तर ती थोबाडीत मिळाली तर बरं वाटेल.

चिंगी : मग नाही देणार.

ताई : बरं.

चिंगी : पोरीचं काय?

ताई : तिचं आत्ता काहीच नाही. लहान मुलांचं कोणी तपासत नाही. अठराची झाली की तिने ठरवायचं, बघायचं की नाही. अर्धी शक्यता आहे की तिच्यात नाहीच.

चिंगी : आणि अर्धी आहे.

ताई : अर्धी आहे.

चिंगी : तिला मी सांगेन. तू नाही. तुमच्या त्या बोलणाऱ्या बाई नाहीत. आत्या जशी आज बोलली तसं सांगेन, अक्कापासून. आमच्या घरात आता तापाने कोणी गेलेलं नाही.

ताई : सांग.

चिंगी : त्या बाकीच्या घरांचं काय? ज्यांचा तुकडा गेलाय आणि तुम्ही सोडून दिलात, माझ्यामुळे?

ताई : तुझ्यामुळे नाही. आमच्यामुळे. त्यांना बोलावणं सुरू केलंय बाईंनी. एक घर सापडत नाही, पत्ता बदललाय. एका घरातली बहीण या दोन वर्षांत आजारी पडली.

चिंगी : वाचेल?

ताई : ठाऊक नाही. बाई तिच्याकडे स्वतः जाऊन आल्या. आल्यावर कोणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, तुझ्या बहिणीला कळवायची व्यवस्था कर, पण नियमाने. मी नियम काही पाळले नाहीत.

चिंगी : नोकरी जाईल?

ताई : बहुतेक नाही. ओरडा बसेल. बसू दे.

चिंगी : गेली तर दुकानात ये. काज करायला माणूस हवंय. आत्याच्या डोळ्यांना आता सुईचं भोक दिसत नाही.

ताई : येईन.

चिंगी : तुला काज येत नाही. तुझे टाके लहानपणी गांडुळासारखे यायचे.

ताई : शिकव.

चिंगी : तुझा हात गार पडलाय.

ताई : तुझाही.

चिंगी : हाक मारली बघ. माझंच नाव.

ताई : हो. जा. मी इथे आहे. हलत नाही इथून.

चिंगी : इथे काय करतेस? आत चल.

ताई : आत येऊ? ते येऊ देतील, पण मला त्यातलं कळतं, चिंगे. पडद्यावर काही दिसलं तर माझ्या तोंडावर दिसेल. मला लपवता येत नाही, तुला माहीत आहे.

चिंगी : म्हणून तर. पडद्याकडे मी बघते. तू माझ्याकडे बघ.